येसनाकाची कट्यार

१८ ऑक्टोबर १९९४, मंगळवार. रहिमतपूर

शाळेला पंचाहत्तर वर्षं होतायत, म्हणून येत्या सव्वीस जानेवारीला 'आपल्या गावचा इतिहास' असं प्रदर्शन भरणार आहे. जुन्या वस्तू घराघरांतून मागवायच्या. आज सभेत हेडमास्तरांनी यादी वाचली. वरच्या पेठेतल्या आप्पासाहेबांच्या दोन तलवारी आणि ढाल. वैद्यांच्या घरचा पितळी खल. वाण्याच्या दुकानातली लाकडी मापं. यादी संपली तसे चित्रकलेचे सर म्हणाले, "आणि भंडारे बाईंच्याकडून स्वागतगीत!"

सगळे हसले. वाईट मनानं नाही. मीही हसले. मग माझाच आवाज माझ्या कानांवर आला, "आमच्याकडूनही वस्तू येईल. आमच्या पूर्वजाची कट्यार."

हेडमास्तरांनी पेनाचं टोपण काढलं. "पूर्वजाचं नाव?"

"येसनाक. गडाच्या मेटावर पहारा करायचे."

त्यांनी लिहून घेतलं. एकोणीस वर्षं या शाळेत शिकवते आहे. आमच्या वस्तीतलं एखादं नाव त्या टेबलावर लिहिलं जाताना मी आज पहिल्यांदा पाहिलं.

येसनाक मला बारा वर्षांची असल्यापासून माहीत आहे. पूर्वी आमच्या माणसांच्या नावांना 'नाक' लागायचं. शाळेत 'माझे पूर्वज' या विषयावर भाषणाची स्पर्धा होती. माझे वडील, आबा, पलटणीतून रजेवर आले होते. उंबऱ्यावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. गडाच्या वाटेवरची चौकी म्हणजे मेट, रात्रभराचा जागता पहारा, कमरेला कट्यार. माझा पहिला नंबर आला. बक्षिसाचा तो कंपास मी अजून वापरते.

अडचण एवढीच, की कट्यार आमच्याकडे नाही.

१९ ऑक्टोबर

रात्रभर विचार केला. हे खोटं बोलणं झालं का? मला वाटतं, नाही. कट्यार होती, हे तर खरं आहे. भाऊबंदांपैकी कुणीतरी कधीतरी भंगारात घातली असेल. म्हणजे आज ती कुठल्यातरी दुकानात आहे. शोधायची, एवढंच.

आबांना आत्ता काही सांगायचं नाही. शहात्तर वर्षांचे आहेत, उगीच जिवाला घोर. एकदम त्यांच्या हातातच ठेवीन.

२३ ऑक्टोबर, रविवार

लेकीला, प्रियदर्शनीला, भेटायला सांगलीला गेले. कॉलेजच्या वसतिगृहात तिचं बरं चाललंय. चकलीचा डबा बघून तिच्या मैत्रिणी तिच्याहून जास्त खूश झाल्या. परतीच्या पॅसेंजरला तीन तास होते. तिच्या मेसच्या सुलाबाई म्हणाल्या, पेठेच्या मागच्या बोळात नाथाजी म्हणून एक आहेत, त्यांच्याकडे जुन्या वस्तू असतात.

भांड्यांच्या दुकानाच्या मागे अंधारी खोली. अडकित्ते, समया, पानपुडे, कुलपं, भिंतीवर तलवारी. नाथाजी पन्नाशीचे, कपाळाला बुक्का, बोलणं अगदी मऊ. मी शिक्षिका म्हटल्यावर उठून उभे राहिले. स्वतः रुमालानं खुर्ची पुसली.

"बाई, आमच्याकडे येतात ते पुण्या-मुंबईचे. भिंतीला शोभा म्हणून नेतात. तुमच्यासारखं घराणं शोधत येणारं माणूस विरळा. सांगा की जरा. कोण होते? कुठला गड? कट्यार कशी होती?"

मी सांगितलं. येसनाक, मेट, पहारा, सगळं. आबांनी सांगितलं होतं तसं, मुठीला दोन आडव्या दांड्या आणि पात्याच्या मध्यातून उंच शीर. ते एका छोट्या वहीत लिहून घेत होते. मधेच विचारायचे, "नाव पुन्हा एकदा सांगा. कसं लिहायचे?" इतकं लक्ष देऊन माझं कुणी ऐकलेलं मला आठवत नाही. वर्गात ऐकतात, पण ते ऐकणं वेगळं.

निघताना म्हणाले, "पत्ता ठेवून जा, बाई. माझी माणसं हिंडत असतात."

गाडीत खिडकीशी बसून आले. ऊस डोक्याच्या वर गेलाय. मन भरून आलं होतं. बत्तीस वर्षांनी येसनाकाची गोष्ट परक्या माणसाला सांगितली आणि त्यानं ती मान खाली घालून लिहून घेतली.

९ नोव्हेंबर

आबा देवळाच्या पारावर गेलेत असं बघून त्यांची ट्रंक उघडली. पलटणीचं पुस्तक, दोन पदकं, आईचा एक फोटो, लाल टोपी. मागच्या पिढ्यांचं काही नाही. कागदाचा कपटाही नाही. आबा अवचित आले. "काय शोधतीस गं?"

"काही नाही, डांबराच्या गोळ्या घालत होते."

"गोळ्या हातात कुठायत मग?" म्हणाले आणि हसत निघून गेले.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

सांगलीहून पोस्टकार्ड. "आपण वर्णन केलेत तशी वस्तू आली आहे. येऊन पाहून जावे. नाथाजी."

वर्गात दोनदा चुकीचं उदाहरण घातलं. मुली खुसखुसल्या.

२७ नोव्हेंबर, रविवार

मिळाली!

अक्षर तिरकं जातंय. नाथाजींनी ती जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. टेबलावर ठेवली आणि दिवा जवळ ओढला. मी म्हटलं, "कुठून आली ही?"

"मी काय सांगू, बाई? तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच बघा आणि तुम्हीच सांगा, ही काय आहे."

दोन आडव्या दांड्या. मधली शीर. तांबूस गंजानं माखलेली. मुठीजवळ पात्यावर काहीतरी कोरलेलं. मी पदरानं पुसलं आणि वाचलं. ये. स. ना. क.

मी मोठ्यानं म्हणाले, "ही त्यांचीच आहे. ही दोनशे वर्षांची आहे."

नाथाजींनी हात जोडले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्याही असावं, ते पलीकडे बघत होते.

मग त्यांनी काही गोष्टी बजावल्या. घासायची नाही. तेल नको, चिंच नको, राख नको. कुणाच्या हातात द्यायची नाही, माणसांच्या नजरा वाईट असतात. पावतीवर त्यांनी 'शोभेची वस्तू, एक' असं लिहिलं. मी विचारलं तर म्हणाले, शस्त्र लिहिलं की पोलीस चौकीत खेटे घालावे लागतील तुम्हाला. माझ्याच काळजीपोटी.

पैशांसाठी आईच्या पाटल्या मोडल्या. ह्यांना सांगितलं. मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. आई असती तर तिनं स्वतः काढून दिल्या असत्या.

२८ नोव्हेंबर

हे एस.टी.च्या साताऱ्याच्या आगारात मिस्त्री आहेत. संध्याकाळी हात धुऊन आले, कट्यार उचलली, तळव्यावर तोलली, नखानं टिचकी मारून कानाशी नेली.

"पोलाद झकास हाय. गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचं असतं, तसं."

"दोनशे वर्षांपूर्वी कुठली आली गाडी?"

"मी कुठं म्हणतोय गाडी व्हती? पोलाद तसं हाय म्हणतोय." मग उजेडात धरून, "आन् गंज सगळीकडं एकसारखाच कसा? म्हातारा गंज एका जागी खातो, एका जागी सोडतो. असा गंज आमच्या भंगाराला एका पावसाळ्यात चढतो."

"तुम्हाला जगात सगळीकडे भंगारच दिसतं."

"दिसतं खरं," म्हणाले आणि जेवायला बसले. मला फार राग आला. अर्जुना मिस्त्री म्हणून अख्ख्या आगारात मान आहे, पण सगळ्याच गोष्टी टिचकी मारून कळत नाहीत.

३० नोव्हेंबर

आज आबांच्या हातात ठेवली.

पहाटे त्यांची अंघोळ झाल्यावर, बुद्धमूर्तीपुढं दिवा लावला तेव्हा. फडकं उलगडलं. म्हटलं, "आबा, नाव वाचा."

चष्मा लावून त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. अंगठा त्या अक्षरांवर ठेवला आणि तसाच राहू दिला. मग विचारलं, "ह्ये नाव कुटनं आलं, गौते?"

"आलं कुठून म्हणजे? त्यांचंच आहे! सांगलीला सापडली."

"सांगलीला," म्हणाले. कट्यार माझ्या हातात दिली आणि परसात जाऊन बसले. मी चहा नेला तर डोळे पुसत होते. एवढा मोठा आनंद त्यांना झेपेना. मी नुसती शेजारी बसले. लेक म्हणून आयुष्यात त्यांना एवढं एक तरी देता आलं.

११ डिसेंबर, रविवार

आबांचं जेवण कमी झालंय. आज म्हणाले, "गौते, ती घरातच ऱ्हाऊ दे की. परदर्शनात कशाला?"

"का पण?"

"लोक येतील. इचारतील."

"विचारू देत! त्यासाठीच तर ठेवायची."

"मला त्या दिवशी गावाकडं जायचं हाय."

गावाकडं कोण आहे आता? मला लागलं ते. शाळेत सगळ्यांना सांगून झालंय. आप्पासाहेब स्वतः रस्त्यात थांबून म्हणाले, "बाई, तुमची कट्यार आमच्या तलवारींच्या शेजारी ठेवू." शेजारी! आणि माझेच वडील गावाला जाणार. म्हातारपणी माणूस भित्रं होतं का? की इतकी वर्षं मागं बसायची सवय झाल्यावर पुढची खुर्ची टोचते?

१ जानेवारी १९९५, रविवार

आबा पहाटे वस्तीतल्या लोकांबरोबर टेंपोतून भीमा-कोरेगावला गेले. दरवर्षी जातात. स्तंभाला सलामी देऊन रात्री उशिरा येतात. मी पेपर तपासले.

२ जानेवारी

जसं झालं तसं लिहिते.

आज शाळेतून आले तर आबा दारातच बसलेले. पायांत अजून कालचे बूट. म्हणाले, "बस हितं."

मी उंबऱ्यावर बसले.

"स्तंभावर नावं हायत. लढाईत पडल्याल्या माणसांची. काल म्या एकेक नाव बोट फिरवून वाचलं. आपली बी लई हायत त्यात, नाक लागल्याली. ती माणसं खरी हुती, गौते."

"येसनाकही खरेच होते, आबा."

"न्हाई. येसनाक म्या केला."

मला कळलंच नाही. ते माझ्याकडं न बघता बोलत राहिले. "तू बारा वर्सांची. रडत आली हुतीस. वर्गातल्या सगळ्या पोरींनी आज्याच्या आज्याचं नाव सांगितलं आन् तुला मास्तर म्हणाले, तुझं सोड. म्या तर माझ्या आज्याच्या म्होरं कुणाचंच नाव जाणत न्हवतो. कुणी लिवलंय कुठं? तुला काय सांगू? मग म्या एक माणूस केला. पहारा, मेट, कट्यार, समदं जोडलं. म्हटलं, आसंल की असा कुणीतरी. नावाला काय घालावं? माझ्या आईचं नाव येसू. त्येच घेतलं, म्होरं नाक लावलं."

बुटाची नाडी सोडत म्हणाले, "कट्यारीवर नाव वाचलं तवाच कळलं. सांगायला जीभ रेटंना. तू अशी फुलल्याली."

मी म्हणाले, "मग आज का सांगितलंत?"

"त्या दगडावरची नावं वाचून आल्यावर गप ऱ्हाणं जमंना."

३ जानेवारी

ते नाव जगात चारच ठिकाणी होतं. आबांच्या तोंडी, माझ्या भाषणात, हेडमास्तरांच्या यादीत आणि नाथाजींच्या वहीत.

८ जानेवारी, रविवार

हे बरोबर आले. सांगलीत उतरल्यावर एवढंच म्हणाले, "तूच बोल. मी बोललो तर हात बोलतील."

नाथाजींनी पुन्हा खुर्ची पुसली. मी कट्यार टेबलावर ठेवली आणि म्हटलं, ही जुनी नाही.

"बरं," म्हणाले.

"तुम्ही मला जुनी म्हणून दिलीत."

"मी? बाई, नीट आठवा. मी म्हणालो, तुम्हीच सांगा ही काय आहे. दोनशे वर्षं कोण म्हणालं? पावती काढा. काय लिहिलंय? शोभेची वस्तू. मग शोभत नाही का?"

"आणि नाव? नाव कुणी घातलं?"

"तुम्ही वर्णन केलंत तशी वस्तू आली, असं कळवलं होतं. तशीच आली. काही कमी आहे का वर्णनात?"

हे पुढं झाले, तर मी त्यांचा दंड धरला. आम्ही बाहेर आलो. बोळाच्या तोंडाशी हळदीचा वास होता.

घरी आल्यावर ही वही काढली. तेवीस ऑक्टोबर, चोवीस नोव्हेंबर, सत्तावीस नोव्हेंबर. पुन्हा पुन्हा वाचलं. त्या माणसानं खरंच एकदाही जुनी म्हटलेलं नाही. सगळं मीच बोलले आहे. माझ्याच अक्षरात आहे. त्यानं फक्त दिवा जवळ ओढला.

मला वाटलं होतं, तो माझं ऐकतोय. तो माप घेत होता.

पाटल्यांचं आज पहिल्यांदा वाईट वाटलं.

१२ जानेवारी

हे आगारातून आले ते शीळ घालत. "आमच्या लिलावातलं जुनं पाटं कोण नेतं, म्हाईत हाय? कुंडलचा आकाराम लोहार. लई वर्सं नेतोय. हत्यारं करतो म्हणं."

"मग?"

"मग काय? रविवारी कुंडलला जाऊ. ज्यानं घडवली, त्येला बघू तरी."

मला भांडण नको होतं. पण राग होताच, चला म्हटलं.

१५ जानेवारी, रविवार

किर्लोस्करवाडीला उतरून पुढं कुंडल. आकाराम लोहारांचा भाता चालू होता. साठीचे, सुकलेले, हातांवर ठिणग्यांचे डाग. मनात मी काय काय वाक्यं जुळवून नेली होती. फडकं उलगडलं.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आवं, ही तर माझी! पात्याची शीर बघा. अशी शीर ह्या मुलखात दुसरा कुणी काढत न्हाई." मग जवळ घेऊन पाहिली आणि चेहरा उतरला. "आरं, हिला काय केलं ह्येंनी? म्या आरशासारखी करून दिली हुती. मीठ लावलं का काय? भामे, हितं ये, बघ कशी केलीय!"

त्यांची बायको भामाबाई बाहेर आल्या. कट्यारीकडं बघून त्यांनी तोंडाला पदर लावला, एखादं आजारी मूल बघितल्यासारखा.

हे म्हणाले, "नाथाजीनं आमाला जुनी म्हणून दिली ही, मामा."

"जुनी? मला तर म्हणतो, नाटकवाल्यांसाठी. सांगलीत नाटकवाल्यांना काय तोटा? मी म्हणायचो, नाटकाला इतकं बेस कशाला? पर हात वंगाळ काम करू देत न्हाई."

मी विचारलं, "आणि ही अक्षरं?"

"चिठ्ठी दिली हुती. मला वाचाय येत न्हाई, बाई. बघून बघून काढली. चार दिस लागले. एका अक्षराचा काना वाकडा गेला म्हणून समदं पातं परत घासलं." थांबून म्हणाले, "काय लिवलंय वो?"

मी सांगितलं. नाव सांगितलं, ते कुठून आलं तेही सांगितलं. माझी आजी येसू. सातारच्या रस्त्यावर खडी फोडायची. आबांना पलटणीत भरती करायला साताऱ्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेली, आणि ते लढाईवर असताना वारली. तिचा फोटो नाही. सातबाऱ्यावर नाही, मतदारांच्या यादीत नाही, कुठंच तिचं नाव नाही. हे सगळं आबांनी मला या आठवड्यात सांगितलंय, रोज थोडं थोडं.

आकाराममामांनी कट्यार मांडीवर घेतली. "मग ही बाईमाणसाची हाय तर. भामे, चिंच आण. आन् राख."

दोन तास ते घासत बसले. आम्ही काल झालेल्या संक्रांतीचा तिळगूळ खाल्ला. पातं पाण्यासारखं निघालं. अक्षरं अशी, की बोटाला लागावीत.

भांडायला गेले होते. जुळवून नेलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

२० जानेवारी

हेडमास्तरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरची पिन फिरवत राहिले.

"बाई, नुसती ठेवली असती तरी कुणाला कळणार होतं?"

"मला. आबांना. आणि कुंडलला एक माणूस आहे, त्याला."

"मग यादीतून काढून टाकू. कुणी विचारणार नाही."

"सर, यादीत नाव तुम्ही माझ्यासमोर लिहिलंय. वस्तू येणार. फक्त तिची चिठ्ठी मी लिहिणार."

ते म्हणाले, लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत. आप्पासाहेबांच्या तलवारीशेजारी आपलाच मूर्खपणा काचेत ठेवायचा म्हणजे सोपं नाही.

चिठ्ठी चार वेळा फाडली. पाचवी अशी:

"कट्यार. घडवणारे आकाराम लोहार, कुंडल. सन १९९४. पोलाद गाडीच्या पाट्याचे. पात्यावरील येसनाक या नावाचा पुरुष कोणत्याही कागदात सापडत नाही. आमच्या पूर्वजांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. म्हणून माझे वडील हिंदुराव खरात यांनी आपल्या आईच्या नावावरून हे नाव ठेवले. ही कट्यार मी जुनी समजून विकत घेतली. विकणाऱ्याने जुनी म्हटले नव्हते, मी म्हटले होते. त्याने माझी गोष्ट आधी ऐकून घेतली आणि मग तीच मला विकली. पावतीवर शोभेची वस्तू लिहिले होते, ते पाहूनही मी संशय घेतला नाही. गंज सगळीकडे सारखा होता, ते माझ्या यजमानांनी दाखवले, तरी मी ऐकले नाही. जुनी वस्तू घेणाऱ्याने आपली गोष्ट शेवटी सांगावी."

ह्यांनी वाचली. "यजमानांनी दाखवलं, ते ठळक अक्षरात लिव की जरा," म्हणाले. आबांनी वाचली. रात्री दोन भाकरी खाल्ल्या.

२६ जानेवारी, गुरुवार

झेंडावंदनानंतर आठ वाजता प्रदर्शन उघडलं. आबा गावाकडं गेले नाहीत. पलटणीचा कोट, दोन्ही पदकं, लाल टोपी. काचेच्या पेटीच्या उजव्या बाजूला असे उभे राहिले, जसे काही पहाऱ्यावर नेमलेत. प्रियदर्शनी आदल्या रात्रीच आली होती. डाव्या बाजूला आकाराममामा, भामाबाईंनी निळीनं पांढऱ्या केलेल्या धोतरात.

लोक आले. चिठ्ठी लांब आहे, त्यामुळे तिथं गर्दी झाली. काही हसले. चित्रकलेचे सर पूर्ण वाचून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, त्या स्वागतगीताचं मनावर घेऊ नका." मी म्हटलं, "घेतलं होतं, सर. बरं झालं घेतलं ते."

आकाराममामा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "ही माझी. शीर बघा." गावच्या पाटलांनी तिथंच दोन विळे करायला सांगितले, कुणीतरी लग्नातली कट्यार सांगितली.

दुपारी आप्पासाहेब आले. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग ह्यांना कोपऱ्यात घेतलं. मी पाठ करून उभी होते, पण कान तिकडेच.

"अर्जुना, आमच्या तलवारी जरा बघतोस का? सहज आपलं."

"बगतो की. टिचकी मारली तर चालंल न्हवं?"

"हळू मार."

काय निघालं ते मी इथं लिहिणार नाही. चारनंतर एका तलवारीच्या चिठ्ठीत सालाआधी 'अंदाजे' हा शब्द आला, एवढंच. आप्पासाहेब जाताना आबांना रामराम करून गेले. आबांनी जयभीम केला.

सायंकाळी हेडमास्तरांनी मोठी नोंदवही उघडली. शाळेत कायम राहायची आहे ती. प्रत्येक वस्तूपुढं ती कुणाची, ते लिहायचं. माझी पाळी आली. "खरेदी तुमची, तेव्हा तुमचंच नाव, बाई."

मी पेन घेतलं. आबा पुढं आले. पोरासारखे माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाले, "येसूचं लिव."

"पूर्ण नाव सांगा, आबा."

त्यांनी पाय जुळवले. पलटणीत नाव पुकारतात, तसं मोठ्यानं सांगितलं, "येसू भिवा खरात."

खोलीतले सगळे वळून बघायला लागले. मी लिहिलं. माझं अक्षर बरं आहे असं म्हणतात, आज ते फार चांगलं आलं. हेडमास्तर वही मिटायला लागले, तर आबांनी तिच्यावर हात ठेवला. शाई पुरती वाळेपर्यंत त्यांनी कुणाला पान उलटू दिलं नाही.